दहावी खुर्ची

१

दुपारी एकपर्यंत माणसं आणि एकनंतर भिंती, असं ताईचं त्या दिवसांतलं वेळापत्रक होतं.

ताई म्हणजे कॉलेजातल्या पोरांची ताई. विद्यार्थ्यांमध्ये ख्रिस्ती सेवा करायची, हे तिचं काम. सेवा म्हटलं की लोकांना मोठमोठी भाषणं आठवतात, पण तिच्या सेवेत बहुतेक वेळ चहाच जायचा. कँटीनमध्ये बसायचं, घरची आठवण आलेल्या पोराचं ऐकायचं, कुणाबरोबर बायबल वाचायचं, कुणाचा हात धरून प्रार्थना करायची. दर गुरुवारी संध्याकाळी सहाला सगळ्यांची संगती भरायची, तेव्हा गाणी, वचन, प्रार्थना आणि शेवटी बिस्किटांवरून भांडण ठरलेलं.

दुपारी एकनंतर मात्र ती घरमालकीण व्हायची. नऊ वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढून नवरा-बायकोने पहिल्यांदाच स्वतःचं घर घेतलं होतं. तळमजल्याच्या तीन खोल्या होत्या आणि पुढच्या खोलीला गल्लीत उघडणारी मोठी खिडकी. घेताना दोघांना वाटलं होतं, थोडा रंग मारला की झालं. मग रंग खरवडला तर गिलावा आला, गिलावा काढला तर ओल निघाली, आणि ओलीच्या मागे लागून फरशीही उखडावी लागली. नवऱ्याने उत्साहाच्या भरात स्वतःचा ओळंबा विकत आणला आणि घरातली एकही भिंत सरळ नाही हा शोध लावला. तेव्हापासून त्याला झोप नव्हती. गवंडीमामा म्हणायचे, "साहेब, भिंत पडत नाही ना? मग तिच्याकडे बघू नका."

ताईच्या मात्र नाकी नऊ आले होते. प्रार्थना करताना तिला नळाच्या तोट्या दिसायच्या आणि तोट्या निवडताना प्रार्थनेला कुणाचं नाव घ्यायचं राहिलं ते आठवायचं. अशाच एका दुपारी, फरशीच्या दुकानात दोन करड्या रंगांमधला फरक शोधत असताना, कुजबुजचा फोन आला होता.

कुजबुज ही दुसऱ्या वर्षाची मुलगी. इतकी हळू बोलायची की पोरांनी हे नाव पाडलं, आणि तिलाही ते आवडायचं. फोनवर ती म्हणाली, "ताई, वेळ आहे का? मला बोलायचंय."

"अगं, दहा मिनिटांत करते तुला."

त्या दहा मिनिटांना आता तीन आठवडे झाले होते. कुजबुज संगतीला यायची बंद झाली. ताईला रोज चुटपुट लागायची, आणि रोज गवंडीमामा काहीतरी नवं उखडून ठेवायचे.

२

परीक्षा आल्या आणि कॉलेजने संगतीची खोली काढून घेतली. ताई म्हणाली, घरीच जमू. नवऱ्याने चहूकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठल्या घरी?"

पण जमले. चर्चच्या मंडळीतून प्लास्टिकच्या दहा खुर्च्या आणल्या, पुढच्या खोलीतली पोती स्वयंपाकघरात ढकलली आणि उखडलेल्या जमिनीवर खुर्च्या गोल मांडल्या. सात पोरं आणि ही दोघं मिळून माणसं नऊ झाली. दहावी खुर्ची रिकामी.

ती मुद्दामच रिकामी असायची. जो अजून आला नाही त्याच्यासाठी गोलात एक जागा ठेवायची, ही त्यांची जुनी पद्धत. शेवटी त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून कुणीतरी प्रार्थना करायचं, आणि ज्याच्यासाठी करायचं त्याचं नाव चिठ्ठीवर लिहून खुर्चीवर ठेवायचं. ज्या बाईंच्या हाताखाली ताई शिकली, त्या याबाबतीत फार कडक होत्या. "नाव घ्यायचं," त्या म्हणायच्या. "देवाला ठाऊक असतं गं, पण आपण कुणाला बोलावतोय ते आपल्यालाही ठाऊक हवं."

त्या गुरुवारी खुर्चीवर हात ताईने ठेवला. कुजबुजचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. पण समोर वकील बसला होता. कायद्याचा विद्यार्थी, प्रत्येक गोष्टीत उलटतपासणी. नाव घेतलं की हा लगेच विचारणार, "ताई, तुम्ही भेटलात का तिला?" आणि नाही म्हणताना सात पोरांसमोर मान खाली घालावी लागणार. ताईला तेवढी लाज वाटली आणि तिने नाव गिळलं.

"बापा," ती म्हणाली, "जो कुणी अजून बाहेर उभा आहे त्याला आत आण. कुणीही असो. जागा ठेवलीय, दार उघडं आहे."

"उघडं काय ताई, दारच नाहीये!" वकील म्हणाला आणि सगळे खो खो हसले. खरंच होतं ते. पुढच्या दाराला वाळवी लागली म्हणून सुताराने चौकटीसकट काढून नेलं होतं आणि तिथे जाड प्लास्टिक ठोकलं होतं.

हसण्यात कुणाचं लक्ष नव्हतं, पण ताईला ते प्लास्टिक दिसत होतं. एका बाजूने ते आत फुगलं, क्षणभर तसंच राहिलं आणि सळसळत सैल पडलं. वारा असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. घाम मात्र सगळ्यांना येत होता.

चिठ्ठी कोरीच राहिली. ताईने ती पर्समध्ये टाकली आणि बिस्किटं काढली.

३

शुक्रवारी दिवसभर पुढच्या खोलीत फरशी कापायचं मशीन चाललं होतं. खुर्च्या हलवायला जागाच नव्हती, म्हणून त्या होत्या तशाच गोलात ठेवल्या होत्या. संध्याकाळी ताई तोट्यांच्या दुकानातून आली तेव्हा घराला पिठाच्या गिरणीची कळा आली होती. खिडकी पांढरी, बल्ब पांढरा, खुर्च्या पांढऱ्या.

एक सोडून.

दहावी खुर्ची स्वच्छ होती. बसायची जागा, पाठ, दोन्ही हात, सगळं पुसल्यासारखं. शेजारच्या खुर्चीवर बोटाने नाव लिहावं एवढी धूळ, आणि हिच्यावर कण नाही. ताईला आधी बरंच वाटलं, की कुणीतरी निदान एक तरी पुसली. मग तिने खाली पाहिलं. दरवाजापासून खुर्चीपर्यंत धुळीत पावलं उमटली होती, पण ती तिची स्वतःचीच, आत्ताची होती.

"मामा, खुर्चीवर बसला होतात का?"

"आम्ही आणि खुर्चीवर?" स्वयंपाकघरातून गवंडीमामा हसले. "बाई, आमची बैठक सिमेंटच्या गोणीवर. खुर्चीवर बसलं की उठवत नाही."

मशीनच्या फवाऱ्याची दिशा असेल, ताईने ठरवलं. खिडकीतून झोत येत असेल. चांगली शिकलेली बाई होती ती, तिला कारणं सुचायला वेळ लागत नसे. तिने फडकं घेतलं आणि उरलेल्या नऊ खुर्च्या पुसून टाकल्या, म्हणजे फरक दिसायला नको.

शनिवारी पुन्हा नऊ पांढऱ्या आणि एक स्वच्छ.

४

सोमवारी फरशी बसवून झाली. ताईने चपला बाहेर काढल्या आणि ती नव्या घरात आल्यासारखी आत आली. करडी, गुळगुळीत, सरळ फरशी. तिला इतका आनंद झाला की दोन मिनिटं तिला बाकी काही दिसलंच नाही. मग दिसलं. नऊ खुर्च्या भिंतीला लावलेल्या होत्या आणि दहावी गोलातल्या तिच्या जागी होती. तिच्या चारही पायांखाली उघडी माती होती. चौकोनभर जागा सोडून मामांनी चहूबाजूंनी फरशी नीट कापून बसवली होती.

"मामा, हे काय?"

"मग काय करू?" मामा वैतागलेलेच होते. "बसलेल्या माणसाला उचलून ठेवू बाजूला? तीनदा म्हटलं, जरा उठता का. हूं नाही की चूं नाही. म्हटलं घरचंच कुणी असेल, उगाच शब्दाला शब्द नको. उद्या रिकामी करून द्या, चार तुकडे बसवून देतो."

"कोण बसलं होतं?"

"मला काय ठाऊक? तुमच्याकडे माणसांची सारखी ये-जा. माझी मान खाली, मला पाय दिसले तेवढे."

"कसले पाय?"

मामा थापी पुसता पुसता थांबले. "अनवाणी," ते म्हणाले. "शाळेत बसवल्यासारखे जुळवून ठेवलेले."

आणि ताईचा जीव एकदम भांड्यात पडला. पाय जुळवून, अंग चोरून बसायची ती एकच होती! कुजबुज येऊन गेली. आली, वाट पाहत बसली, कुणाशी बोलली नाही, तिच्या स्वभावाप्रमाणेच. ताईने तिथेच उभ्याने फोन लावला.

"ताई?" पलीकडून तोच बारीक आवाज.

"अगं वेडे, येऊन बसून गेलीस आणि मला सांगितलं नाहीस?"

"मी?" कुजबुज म्हणाली. "मी नाही आले, ताई. मला तुमचं नवं घरही माहीत नाही."

मग ती बोलू लागली, आणि तीन आठवड्यांचं सगळं बाहेर आलं. घरच्यांनी शिक्षण बंद करायचं ठरवलं होतं. शुक्रवारी सकाळी मोठा भाऊ न्यायला येणार होता. बॅग भरून झाली होती. तिला जायचं नव्हतं, पण ते घरी सांगायची तिची छाती नव्हती. तिच्यासाठी बोलेल असं ताईखेरीज कुणी नव्हतं.

"मी आत्ता येते तुझ्याकडे."

"आत्ता नको, खोलीत सगळ्या असतात. गुरुवारपर्यंत पेपर आहेत. गुरुवारी येऊ का? संगतीला?"

"येच. सहाला. पत्ता पाठवते. संगती झाली की तुझ्यासमोर मी तुझ्या बाबांना फोन करते. तुला जाऊ देत नाही मी, समजलं? तुझी खुर्ची ठेवलीय."

"खरंच ठेवलीय?"

"खरंच."

फोन ठेवला तेव्हा ताई हसत होती. मग तिची नजर पुन्हा त्या उघड्या चौकोनावर गेली आणि तिला कळलं की मामांनी कुजबुजला पाहिलेलं नव्हतं.

५

बुधवारी दुपारी ती दोघं स्वयंपाकघरात पोत्यांच्या मधे उभ्याने जेवत होती. मामा आले नव्हते. ताईने बोलावलं तर म्हणाले, दुसरीकडे काम निघालंय.

पुढच्या खोलीत प्लास्टिक करकरलं. दारावरचं नव्हे, खुर्चीचं. बसलेलं माणूस कूस बदलतं तेव्हा खुर्ची करकरते तसं, एकदा आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा.

"ऊन लागलं की प्लास्टिक ताणतं," नवरा म्हणाला.

"त्या खोलीत ऊन कुठे येतं?"

नवऱ्याने घास खाली ठेवला. तो तसा धीट माणूस, शिवाय बायको घाबरली की त्याला उगाचच चेव यायचा. तो पुढच्या खोलीत गेला आणि खुर्च्या एकावर एक रचू लागला. नऊ रचून झाल्या. दहावी उचलायला त्याने बसायच्या जागेवर हात टेकला आणि तसाच मागे घेतला.

"काय झालं?" ताई दाराशी होती.

"काही नाही."

"सांग ना."

"कोमट आहे," तो म्हणाला. मग ताईकडे न पाहता त्याने ती खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि मागच्या अंगणात नेऊन ठेवली. येताना पँटला तळवे पुसत होता. "गुरुवारी नऊ खुर्च्या पुरे झाल्या."

"कुजबुज येणार आहे रे. मी तिला शब्द दिलाय."

"तिला माझी दे. मी उभा राहीन."

गुरुवारी सकाळी दहावी खुर्ची आपल्या उघड्या चौकोनावर होती. ताईला वाटलं नवऱ्याने आणली, माझ्या शब्दासाठी. नवऱ्याला वाटलं बायकोने आणली, हट्टाने. दोघांनी एकमेकांना विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

६

गुरुवारी दुपारी नवं दार बसलं. सुताराने बिजागऱ्यांना तेल दिलं, दोनदा उघडून-मिटून दाखवलं आणि चहा न घेताच गेला. ताईने दार मुद्दाम लोटूनच ठेवलं. बेल अजून बसली नव्हती, आणि कुजबुजने दार ठोठावलं असतं तर ते तिचं तिलाही ऐकू आलं नसतं.

सहा वाजले. सगळे आले, कुजबुज नाही. सव्वासहा झाले. ताईचा जीव टांगणीला लागला होता. तिने पर्समधून ती कोरी चिठ्ठी काढली, तिच्यावर कुजबुजचं खरं नाव ठळक अक्षरात लिहिलं आणि ती दहाव्या खुर्चीवर ठेवली. ठेवताना बोटांना कोमट लागलं, पण तिने मनावर घेतलं नाही. नाव लिहिलं ना, आता झालं, असं तिला वाटलं. चूक दुरुस्त झाली.

"तिला तुम्ही भेटलात का?" वकिलाने विचारलंच.

"नाही भेटले," ताई म्हणाली. "माझं चुकलं. तिने बोलावलं आणि मी गेले नाही. आज येतेय ती."

हे बोलून टाकल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की रडूच आलं. गाणी झाली, वचन झालं. शेवटच्या प्रार्थनेसाठी सगळ्यांनी डोळे मिटले आणि नेहमीप्रमाणे एकमेकांचे हात धरले. दहावी खुर्ची ताई आणि वकील यांच्या मधे होती. त्यांचे त्या बाजूचे हात तेवढे रिकामे.

ताईने नाव घेऊन प्रार्थना सुरू केली. तिला आण, बापा. तिला धीर दे. तिच्या घरच्यांची मनं वळव.

शेजारची खुर्ची करकरली.

आली! ताई मनात हरखली. आवाज न करता आली आणि बसलीसुद्धा, शोभतं तिला! ताईने डोळे उघडले नाहीत, प्रार्थना मधे तोडायची नसते. नुसता डावा हात पुढे केला, आणि तो हात कुणीतरी हातात घेतला.

"तुझे उपकार मानते, बापा," ताई म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. "आमचं माणूस तू आत आणलंस."

हात कोरडा होता. गिलाव्यावरून हात फिरवावा तसा खरखरीत. पेपर लिहून लिहून झाला असेल, ताईला वाटलं. मग वाटलं, किती मोठा आहे. बोटं तिच्या मनगटाच्याही वर पोचली होती. प्रार्थना तिने कशीबशी पुढे नेली, पण शब्द आता तोंडातच फिरत होते. आमेन म्हटलं की डोळे उघडावे लागणार होते. ती नुसतीच एकामागून एक नावं घेत राहिली, पोरांची, त्यांच्या आईबापांची, आठवतील त्या सगळ्यांची.

शेवटी नवराच मोठ्याने म्हणाला, "आमेन."

हात सुटला. ताईने डोळे उघडले. खुर्ची रिकामी होती. चिठ्ठी नव्हती, खुर्चीवर नाही आणि खालीही नाही. ताईच्या डाव्या हाताला कोपरापर्यंत चुन्याची पांढरी धूळ लागली होती.

पलीकडे वकील आपला उजवा तळवा पँटला पुसत होता, पुन्हा पुन्हा. या खेपेला त्याने काहीच विचारलं नाही.

७

तेवढ्यात फोन वाजला. ताईने उठून खिडकीशी जाऊन घेतला.

"ताई," कुजबुज म्हणाली. मागे गाडीचा आवाज होता.

"कुठे आहेस तू? अगं, किती वाट पाहिली!"

"मी आले होते. दादा आजच न्यायला आला. त्याने गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवली. म्हणाला, तुझी ताई काही बोलणार असेल तर थांबू, नाहीतर निघू. मी खिडकीतून पाहिलं." ती जरा थांबली. "माझ्या खुर्चीवर कुणीतरी बसलं होतं."

"नाही गं! ती तुझीच आहे. कुणी नाही तिथे."

"तुम्ही हात धरला होतात त्याचा. रडत होतात, हसत होतात. इतक्या आनंदात मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. म्हटलं, माझ्यावाचून काय अडलंय. उगाच आत जाऊन कुणाला उठवू."

"गाडी थांबव. दादाला फोन दे. मी येते, आत्ता येते."

"आता खूप लांब आलोय, ताई." आवाज आणखी बारीक झाला. ताईने फोन कानात रुतेल इतका दाबून धरला. "एक विचारू? तुम्हा सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. त्याचे का नव्हते? तो सारखा खिडकीकडे बघत होता. मी गेले तेव्हा तो मान वळवून वळवून..."

फोन तुटला. ताईने सात वेळा लावला. एकदाही लागला नाही.

मागे पोरं एकेक करून निघाली होती. आज बिस्किटांना कुणी हात लावला नव्हता. शेवटचा वकील गेला, जाताना भिंतीच्या कडेकडेने गेला. नवरा नव्या दाराच्या कडीवर हात ठेवून उभा होता.

"गेले सगळे," तो म्हणाला. "लावू दार?"

लाव म्हणावं तर कोण आत राहणार, आणि नको म्हणावं तर कोण बाहेर जाणार होतं? ती वळली. खोलीत दहा खुर्च्या होत्या, नऊ अस्ताव्यस्त आणि एक आपल्या जागी, उघड्या मातीवर चारही पाय रोवून.

"अगं, लावू का?"

खुर्ची करकरली. नवऱ्यानेही ऐकलं, कारण त्याचा कडीवरचा हात खाली आला.

ताई खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. जन्मभर तिने माणसांना आत बोलावलं होतं, बाहेर जा म्हणायची वेळ कधी आली नव्हती. तरी तिने तोंड उघडलं, आणि पहिल्याच शब्दाला अडली. 'कुणीही असो' म्हणण्याऐवजी नाव घेऊन बोलावलं असतं, तर निदान नाव घेऊन जा म्हणता आलं असतं.